सावली, श्रेणी आणि संगणकाचा पडदा

आदिलाबाद शहराचा अक्षांश सुमारे १९ अंश ४० कला उत्तर आहे, ही गोष्ट कोणत्याही नकाशात सापडते. परंतु नकाशात ती आली कोठून, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात उभा राहिला आणि तो आकडा स्वतःच काढून पाहावा असे त्याला वाटले, तर त्यासाठी फारशी सामग्री लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी, ती उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा, एक मोजपट्टी आणि निरभ्र आकाश एवढे पुरे होते. मार्च महिन्याच्या २० किंवा २१ तारखेस, म्हणजे विषुवदिनी, ही काठी शाळेच्या पटांगणात रोवावी आणि माध्यान्हीची सावली मोजावी. मात्र घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असे समजू नये. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि आदिलाबाद त्या रेषेच्या सुमारे चार अंश पश्चिमेस आहे. शिवाय त्या दिवसांत खरा सूर्य घड्याळाच्या मध्यम सूर्यापेक्षा सात-साडेसात मिनिटे मागे असतो. त्यामुळे आदिलाबादेत त्या दिवशी सावली सर्वांत आखूड होते ती बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास. ती सुमारे ३५.७४ सेंटिमीटर भरते.

या सावलीत अक्षांश दडलेला असतो. सावलीला काठीच्या लांबीने भागले की ०.३५७४ हे गुणोत्तर मिळते, आणि ते त्या गावाच्या अक्षांशाची स्पर्शज्या असते. शाळेच्या पुस्तकात तिलाच टॅन म्हणतात. आपल्या जुन्या ज्योतिषांना हे पक्के ठाऊक होते. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनी पडणारी माध्यान्हीची छाया म्हणजे त्या गावाची पलभा. आदिलाबादची पलभा या हिशेबाने ४.२९ अंगुळे येते. पण स्पर्शज्या कळली तरी तिच्यावरून मूळ कोन काढावयाचा कसा? कोष्टक जवळ असेल तर ते पाहावे. पण कोष्टक करणाऱ्याने ते कशावरून केले?

या प्रश्नाचे उत्तर केरळात मिळाले. संगमग्राम येथील माधव हा गणिती सुमारे १३४० ते १४२५ या काळात होऊन गेला. त्याचे या विषयावरील मूळ लेखन आज उपलब्ध नाही. परंतु त्याच्या परंपरेतील पुढच्या गणितज्ञांनी त्याच्या नावाने जी रीत सांगितली, ती अशी : गुणोत्तर घ्यावे, त्यातून त्याच्या घनाचा तिसरा हिस्सा वजा करावा, मग पाचव्या घाताचा पाचवा हिस्सा मिळवावा, सातव्या घाताचा सातवा हिस्सा वजा करावा, आणि असेच पुढे करीत राहावे. ही बेरीज कधीच संपत नाही, म्हणून तिला अनंत श्रेणी म्हणतात. येणारे उत्तर ५७.२९६ ने गुणले की अंश मिळतात. युरोपात हीच श्रेणी १६७१ साली जेम्स ग्रेगरीला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लायब्निट्झला गवसली. केरळातील ग्रंथांचा परिचय सी. एम. व्हिश या इंग्रज अधिकाऱ्याने १८३४ च्या सुमारास एका निबंधातून पाश्चात्त्य विद्वानांना करून दिला.

आता आदिलाबादच्या सावलीवर ही रीत चालवून पाहावी. पहिलेच पद घेऊन थांबले तर अक्षांश २०.४८ अंश येतो. म्हणजे आदिलाबाद पैनगंगा ओलांडून सुमारे नव्वद किलोमीटर उत्तरेला सरकते आणि थेट यवतमाळच्याही वर जाऊन बसते. दुसरे पद वजा केले की उत्तर १९.६०५ अंश होते, आणि गाव आपल्या जागेच्या सात किलोमीटर दक्षिणेस येते. तिसऱ्या पदानंतर १९.६७२ अंश मिळतात आणि चूक अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर येते. चौथ्या पदानंतर ती शंभर मीटरांच्याही आत जाते. प्रत्येक पदागणिक उत्तर खऱ्या आकड्याच्या कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस पडते, पण दर वेळी जवळ येत जाते. अशा श्रेणीला अभिसारी श्रेणी म्हणतात. तिचा एक मोठा गुण असा की, पदांची चिन्हे आळीपाळीने बदलत असतील आणि पदे सारखी लहान होत शून्याकडे जात असतील, तर आपण जेथे थांबलो तेथली चूक गाळलेल्या पहिल्या पदाहून मोठी असू शकत नाही. उत्तर किती विश्वासार्ह आहे हे श्रेणी स्वतःच सांगते, फक्त तिला विचारण्याची सवय पाहिजे.

येथपर्यंतचे काम पाटीवर होते. परंतु एका गावाऐवजी सर्व गावांचा विचार करावयाचा झाला, तर गुणोत्तर बदलते धरावे लागते. मग श्रेणीतील प्रत्येक पद हा एक आकडा न राहता एक वक्र बनतो. पहिले पद सरळ रेषा, दुसरे घनाचा वक्र, तिसरे पाचव्या घाताचा. अनंत वक्रांची ही बेरीज कशी दिसते, हे हाताने काढावयाचे तर आठवडे जातील. म्हणून येथे संगणकाचे साह्य घेतात. सायलॅब, ऑक्टेव्ह, जिओजेब्रा अशा गणिती प्रणाली आज विनामूल्य मिळतात. चार-पाच ओळींची आज्ञा दिली की दहा, वीस किंवा शंभर पदांची बेरीज क्षणार्धात वक्राच्या रूपाने पडद्यावर उमटते. पाहणारा थक्क होतो, आणि त्याच क्षणी फसण्याचा धोकाही सुरू होतो. कारण पडद्यावर अनंत बेरीज कधीच येत नाही. येते ती काही पदांची बेरीज, काही ठिपक्यांवर मोजलेली आणि काही अंकांपर्यंत तोडलेली. या तीन मर्यादा जो विसरतो, तो चित्रालाच सत्य समजतो.

पहिली मर्यादा पदांची. समजा, विद्यार्थ्याने गुणोत्तर उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत ठेवून दहा पदांची बेरीज काढविली. पडद्यावर मधला भाग जवळजवळ सपाट रेषेसारखा दिसतो आणि दोन्ही टोकांना वक्र एकदम खाली-वर कोसळतो. कारण गुणोत्तर १.५ असता दहावे पद एकटेच ११६ हून मोठे असते, तर खरे उत्तर एकापेक्षाही कमी असावयास हवे. गुणोत्तर एकाच्या पलीकडे गेले की पदे अखेर लहान होण्याऐवजी वाढत जातात आणि श्रेणी हाताबाहेर जाते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टोकाकडील प्रचंड आकडे चित्रात मावावेत म्हणून संगणक उभ्या अक्षाचे प्रमाण आपोआप बदलतो. त्यामुळे मधला खरा आणि उपयुक्त भाग दबून जातो. चित्र काढणाऱ्याने अक्षाच्या मर्यादा स्वतः ठरविल्या नाहीत, तर जे पाहावयाचे तेच नेमके झाकले जाते.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. आदिलाबादेत विषुवदिनी सावली काठीहून आखूड असते, म्हणून तेथे श्रेणी बिनबोभाट चालते. लंडनचा अक्षांश साडेएकावन्न अंश. तेथे सावली काठीच्या सव्वापट होते, आणि हीच श्रेणी तेथे निरर्थक उत्तरे देते. मग लंडनच्या विद्यार्थ्याने काय करावे? सावलीला काठीने भागण्याऐवजी काठीला सावलीने भागावे, त्यावरून कोन काढावा आणि तो नव्वद अंशांतून वजा करावा. ही युक्ती केरळच्या गणितज्ञांना माहीत होती. ज्या आणि कोटिज्या यांपैकी जी लहान असेल तिच्यावरूनच गणित करावे, नाहीतर फळे कधी संपणार नाहीत, अशा आशयाचा इशारा त्यांनी नियमाबरोबरच देऊन ठेवला आहे. नियम सांगणारे पुष्कळ असतात. नियम कोठे लागू पडत नाही हेही सांगतो तो खरा शिक्षक.

गुणोत्तर बरोबर एक असेल, म्हणजे सावली काठीएवढीच असेल, तेव्हा गंमत वेगळीच होते. कोन पंचेचाळीस अंशांचा असतो आणि श्रेणी एकातून एक तृतीयांश वजा, एक पंचमांश अधिक, अशी पुढे जाते. तिची चौपट म्हणजे वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, ज्याला पाय म्हणतात. ही श्रेणी अभिसारी आहे खरी, पण गोगलगायीच्या गतीने. पन्नास पदे घेतली तरी ३.१२१५९ एवढेच येते, म्हणजे दुसऱ्या दशांश स्थानालाच चूक. पडद्यावर मात्र हा वक्र आणि खरा वक्र एकमेकांवर बसल्यासारखे दिसतात, कारण एवढा फरक दाखविण्याइतकी रेघच बारीक नसते. माधवाच्या परंपरेने येथे केवळ अधिक पदे घ्या असे सांगितले नाही. उरलेल्या अनंत पदांची भरपाई करणारे एक शेवटचे संस्कारपद तिने शोधले. पदांची संख्या घ्यावी, तिच्या वर्गाच्या चौपटीत एक मिळवावा, आणि त्या बेरजेने पदसंख्येस भागावे. पन्नास पदांसाठी हे पद पन्नास भागिले दहा हजार एक एवढे होते. त्याची चौपट ३.१२१५९४६५ मध्ये मिळविली की ३.१४१५९२६५ हे उत्तर मिळते, आणि त्याचे आठही दशांश बरोबर असतात. नुसत्या बेरजेने एवढी अचूकता साधावयाची तर कोट्यवधी पदे मोजावी लागली असती. म्हणून नुसत्या बेरजेचे चित्र काढून थांबू नये. बेरीज आणि खरे मूल्य यांतील फरकाचेही वेगळे चित्र काढावे. पहिल्या चित्रात जे लपते ते दुसऱ्यात उघडे पडते.

दुसरी मर्यादा ठिपक्यांची. संगणक वक्र काढतो म्हणजे काही ठिकाणी मूल्ये मोजतो आणि ते ठिपके सरळ रेघांनी जोडतो. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय घडते याची त्याला वार्ता नसते. याचे उत्तम उदाहरण जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास याने १८ जुलै १८७२ रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवले. कोटिज्येच्या लाटा घ्याव्यात. प्रत्येक पुढच्या लाटेची उंची आधीच्या लाटेच्या निम्मी, पण एवढ्याच अंतरात तिच्या लाटांची संख्या तेरापट. या सर्वांची बेरीज केली की एक असा अखंड वक्र मिळतो की, त्याच्या कोणत्याही बिंदूपाशी स्पर्शरेषा काढता येत नाही. जेथे पाहावे तेथे तो खडबडीत, आणि कितीही जवळून पाहिले तरी तितकाच खडबडीत. आता हा वक्र पडद्यावर काढावा. पहिल्या पदात एक लाट असेल, तर दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात एकशे एकोणसत्तर आणि चौथ्यात दोन हजार एकशे सत्त्याण्णव. सर्वसाधारण पडद्याच्या रुंदीत दोन हजारांहून कमी ठिपके असतात. म्हणजे चौथ्याच पदाला पडद्याची शक्ती संपली. पुढच्या अनंत पदांचा मागमूसही चित्रात येणार नाही. आणि जो वक्र कोठेही सरळ नाही, त्याचे चित्र संगणक लहान लहान सरळ रेघांनीच काढणार! येथे डोळ्यांनी काही सिद्ध होत नाही. युक्तिवादच करावा लागतो.

तिसरी मर्यादा अंकांची, आणि ती केवळ पडद्यापुरती राहत नाही. आपल्याला एक दशांश ही संख्या अगदी साधी वाटते. परंतु संगणक दोनच अंकांनी मोजतो, आणि त्याच्या भाषेत एक दशांश ही एक अनंत श्रेणी होते : एक सोळांश, अधिक एक बत्तिसांश, अधिक एकाचा दोनशे छपन्नावा हिस्सा, आणि असेच न संपणारे. ती कोठे तरी तोडावीच लागते. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची एक क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांनी वेळ मोजीत असे, आणि गणितात तो दशांश चोवीस द्विमान अंकांपाशी तोडलेला होता. एका वेळेची चूक सेकंदाच्या कोट्यंशाहूनही कमी. परंतु यंत्रणा सतत शंभर तास चालू राहिली आणि ती चूक साठत साठत सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी रोजी यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी पाहिले, क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ जण प्राणास मुकले. सुधारलेली आज्ञावली त्या ठिकाणी पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. श्रेणी तोडण्यात चूक नव्हती. तोडल्यावर उरते किती आणि साठते किती, याचा हिशेब ठेवला गेला नाही, ही चूक होती.

मग संगणक दूर ठेवावा काय? मुळीच नाही. सीमेवरच्या विद्यार्थ्याला तर तो मोठाच आधार आहे. आदिलाबाद जिल्ह्याचा मराठीशी असलेला संबंध नवा नाही. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते पलीकडे गेले, आणि अलीकडे राहिलेली मराठी माणसे आधी आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात तेलुगू, उर्दू, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर नांदत आली. अशा ठिकाणी मराठीतून शिकलेल्या मुलाला उच्च गणिताचे पुस्तक हाती घेताच एकाच वेळी दोन चढ चढावे लागतात, एक विषयाचा आणि दुसरा परक्या भाषेचा. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ नावाच्या उपक्रमातून मोफत प्रणाली शिकविणारे छोटे दृक्श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांत सायलॅबचे पाठ मराठी आवाजातही आहेत. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागते, परंतु तिचा अर्थ मुलाला आपल्या भाषेत समजतो.

येथे केरळची परंपरा पुन्हा एकदा मार्गदर्शक ठरते. माधवाच्या श्रेणी उपपत्तींसह ज्यात उलगडून सांगितल्या आहेत, तो ज्येष्ठदेवाचा ‘युक्तिभाषा’ हा सोळाव्या शतकातील ग्रंथ संस्कृतात नाही; तो मल्याळममध्ये आहे. नियम पाठ करावयाचा असेल तर तो कोणत्याही भाषेत करता येतो. पण नियम का खरा आहे, तो कोठवर खरा आहे आणि कोठे सोडून द्यावा, हे समजावयाचे असेल तर ज्या भाषेत माणूस शंका विचारतो त्या भाषेत ते यावे लागते. संगणकाने चित्र दाखविल्यावर ‘असे का?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून मराठीत निघाला, तर त्याला मराठीत उत्तर देण्याची तयारी शिक्षकाची असावयास हवी. ती तयारी नसेल, तर सुंदर चित्र हे अज्ञानावर घातलेले सुंदर पांघरूण ठरते.

शेवटी पुन्हा पटांगणातील काठीकडे वळावे. मोजपट्टीवर सावली वाचताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर अक्षांशात सुमारे साडेपाच किलोमीटरांचा फरक पडतो. सावलीची कडाही तशी धूसरच असते; सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे. म्हणजे तीन पदांनंतर श्रेणी लांबविण्यात काहीच अर्थ उरत नाही. संगणकाने शंभर पदे घेऊन पंधरा दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिले, तरी त्यातली पहिली दोन-तीन स्थळेच सावलीची असतात आणि बाकीची यंत्राची बडबड असते. हे ज्या मुलाला कळले, त्याला अनंत श्रेणी कळली असे म्हणावयास हरकत नाही. विषुवदिन वर्षातून दोनदा येतो. सप्टेंबरचा चुकू नये. त्या दिवशी आदिलाबादेत सर्वांत आखूड सावली पडते बारा वाजून आठ मिनिटांच्या सुमारास. ढग नसले म्हणजे झाले.